कॅलिपरची तपासणी

महाडला मी एका लहान दवाखान्यात व्यायामोपचार करायची. लोक मला मालीशवाली बाई म्हणत. मी वाद घालत नसे, काम तसं दिसायचंच. ऐंशीच्या आसपास मुंबईहून एक संशोधक डॉक्टर आले. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायाला लवकर आधाराचा कॅलिपर लावला तर गुडघा सरळ राहतो का, हे त्यांना पाहायचं होतं. मुलं माझ्याकडची, कॅलिपर आणि फॉर्म त्यांचे. दर महिन्याला मी कॅलिपर तपासून फॉर्म भरायचा. गुडघा मात्र दर तीन महिन्यांनी त्यांनीच मोजायचा, कारण मोजमाप एकाच हातचं हवं. मला ते पटलं होतं.

उमरठच्या वरच्या वाडीतली सहा वर्षांची एक मुलगी त्यात होती. उजवा पाय लुळा, पण गुडघा अजून सरळ होत होता. तो आखडला तर पुन्हा सुटणार नाही, हे मी तिच्या आईला बजावलं. कॅलिपर हातात देताना आणखी एक बजावलं, की वस्तू परत द्यायची आहे, जपा, दर महिन्याला तपासणी होईल. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जोडलेला काळा बूट. बाईने तो दोन्ही हातांनी घेतला.

उन्हाळ्यात ती मुलीला घेऊन यायची. पावसाळा लागला आणि ती एकटीच आली. इरल्याखाली प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला कॅलिपर. पोर कुठे, विचारलं.

"तपासायचा तो ह्यो हाय ना बाय? पोरीला कशाला भिजवू?"

बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले. पुढच्या वेळी पोर आणायला सांगितलं, स्क्रू पाहिले, पट्टे ओढून पाहिले आणि फॉर्मवर लिहिलं, स्थिती उत्तम. पुढच्या महिन्यात ती पुन्हा एकटी आली, भाताची लावणी चालू होती. तिसऱ्या महिन्यातही एकटीच, सावित्री नदीला पूर होता. मी रागावले, तिने मान डोलावली. फॉर्म दोन्ही वेळा भरला, कारण महिना चुकला तर मुलगी अभ्यासातून बाद होणार होती. पुरामुळे डॉक्टरही येऊ शकले नाहीत. त्यांनी पत्रातून कळवलं, की सर्वांत नीट राखलेले कॅलिपर तुमच्याकडचे आहेत. मला बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दसऱ्यानंतर डॉक्टर आले. मुलगी आईच्या कडेवर आली. कॅलिपर चढेना. डॉक्टरांनी गुडघा मोजला, परत मोजला. मी बूट उलटा केला. तळ झिजलाच नव्हता.

आई म्हणाली, "बूट घालून घरात कशी फिरंल? सारवलेलं हाय. भायेर चिखूल. खराब झाला असता तं तुमीच वरडला असतात."

ओरडलेच असते.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हाला कळलं कसं नाही?"

"गुडघा तुमच्याकडे होता," मी म्हटलं.

दोघांचंही खरं होतं आणि त्याचा मुलीला काही उपयोग नव्हता. आखडलेल्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत व्हायचं, दोन महिने राहायला हवं. घरी धाकटी दोन, भात कापणीला आलेलं. नवरा मुंबईत, पण आठ जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा. बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाय जमायचं म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या फॉर्मवर आडवी रेघ मारली. कॅलिपर दुसऱ्या मुलासाठी त्यांच्या पेटीत गेला. पुढच्या छापील फॉर्मवर एक नवा रकाना आला, मूल समक्ष पाहिले का. ही सुधारणा माझ्यामुळे झाली, असं त्यांनी कळवलं.

निघताना बाईने विचारलं, "मंग आता यायचं का नाय?"

या म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हिवाळाभर ती महिन्याच्या महिन्याला आली, आता पोरीला घेऊन. मी गुडघा शेकायची, ताणायची. मुलगी ओठ दाबून पडून राहायची. गुडघा होता तिथेच राहिला. फेब्रुवारीत मुलगी कडेवरून उतरली, उजव्या मांडीवर तळहात दाबला आणि वाकून वाकून दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढली. कॅलिपरविना वाढलेली पोलिओची मुलं अशीच चालतात.

"बगा," आई म्हणाली, "कुणी शिकवलं नाय."

मी छान म्हटलं आणि मुलीला टेबलावर बसवलं.