पुढे मोटार, मागे पिकअप: हिंगोली ते वारंगा फाटा

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. काळी मोटार विकायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, एक अप्पा सोडून. अप्पा म्हणजे माझे वडील, कोर्टातले निवृत्त कारकून. मोटार त्यांच्याहून थोडीच धाकटी. घेणारा वारंगा फाट्यावरचा हॉटेलवाला. तो लग्नांत नवरदेवासाठी मोटार चालवणार, असा अप्पांचा समज होता. तो समज मीच करून दिलेला, नाहीतर त्यांनी किल्ली सोडली नसती.

सकाळी सातला निघालो, स्टेअरिंगवर अप्पा, शेजारी मी. मोटार वाटेत अडलीच तर म्हणून मागून तांड्यावरचा बळीराम त्याची नवीकोरी पिकअप घेऊन. त्यानं दोर दाखवला तसे अप्पा कडाडले, "दोर बांधायला मोटार म्हणजे काय म्हैस आहे?"

कळमनुरीपर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे. पिकअपचं स्टेअरिंग एका हातानं वळतं, मोटारीला खांदा लावावा लागतो. इंडिकेटर नाहीच. अप्पा प्रत्येक वळणाला खिडकीतून हात काढून दाखवत होते. बाळापूरला आम्ही भजी-चहा घेतला, मोटारीनं दोन कॅन पाणी. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल हिंगोलीतच भरून घ्या.

फाट्यावर हॉटेलवाला टेप घेऊन मोटार मोजायला लागला. "इंजिन काढून न्या तुमी. चौथऱ्यावर ठेवायची हाय, गिऱ्हाइकं फोटो काढतील."

"चालवणार नाही?" अप्पांनी विचारलं.

"आता हिला कोण चालवंल?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "चला."

परतताना कळमनुरीच्या अलीकडे मोटार बंद पडली. पाणी घातलं, ढकललं, काही उपयोग नाही. शेवटी अप्पाच म्हणाले, "आण तो दोर."

मी पिकअपमध्ये बसले. इंजिन बंद असलेल्या मोटारीत अप्पा स्टेअरिंग धरून ताठ बसलेले आरशात दिसत होते. वळण आलं की त्यांचा हात बाहेर यायचा.

कामाला पिकअपच चांगली, मी आजही हेच सांगेन. मोटार मात्र अजून आमच्या अंगणात आहे. विकायचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

त्या दिवशी घरी पोचल्यावर दोर सोडता सोडता बळीरामनं विचारलं, "अप्पा, मागं तर कुनीच नव्हतं. हात काहून दाखवून राहिलते तुमी?"

"अरे," अप्पा म्हणाले, "मोटार चालवत होतो ना मी."