आत्याची माळ

माझ्या सुमनआत्यावर अन्याय झाला तो पाच वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी. डॉक्टरांनी तिच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली आणि हसून म्हणाले, "माळकरी बाई तुम्ही! तुमच्या लिव्हरला काय धाड भरलीय? सोनोग्राफीत थोडी चरबी दिसतेय, ती सगळ्यांनाच असते." आम्हीही हसलो. दारू नाही, मटण नाही, मग लिव्हर बिघडेलच कसं? मधुमेहानेही लिव्हर बिघडतं, पण तिच्या जुन्या मधुमेहाकडे कुणी बघितलंच नाही.

काल एमआरआयला आत जाताना तिने माळ काढून माझ्या हातात दिली. "खाली ठेवू नकोस गं, बाटेल." काचेपलीकडे तिचे तळवे तेवढे दिसत होते. या तपासणीत बरगडीवर बांधलेली चकती थरथरते आणि त्या थरथरीवरून लिव्हर कुठे कडक झालंय ते मशीनला कळतं. आतले वण कोवळे असतानाच कळतं. तेव्हा माणूस सावरता येतो.

नव्या डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. लिव्हरभर लाल, म्हणजे सगळीकडे कडक. "फार उशिरा आणलंत," म्हणाल्या.

आत्याने बाहेर आल्याआल्या माळ मागितली. मी मूठ उघडली. मण्यांचे वण तळहातावर उठले होते.

"एवढं कशाला आवळायचं, वेडे? काय म्हणालं मशीन?"

मी माळ तिच्या गळ्यात घातली.

तुमच्या घरात कुणाला मधुमेह आहे? मग त्याच्या गळ्यातली माळ बघू नका. त्याला घेऊन डॉक्टरांसमोर बसा, लिव्हर किती कडक झालंय ते तपासायला सांगा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.