उत्तरेच्या खिडकीत टाकलेलं ऊन

मी घरांची थ्रीडी चित्रं बनवते. आज घोडबंदर रोडच्या ऑफिसात जे झालं ते जसंच्या तसं लिहितेय.

एका हॉलचा रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, होता. खिडकी उत्तरेला, म्हणून मी थेट ऊन न दाखवता मऊ उजेड ठेवला होता. सेल्सचे सर म्हणाले, "अगं, हे घर आहे की गोडाऊन? ऊन टाक. कस्टमर काय होकायंत्र घेऊन येतो?" मी टाकलं. ती माझी चूक.

ज्यांच्या जमिनीवर हा टॉवर होतोय, त्या आजी आज मोबदल्यातला फ्लॅट निवडायला आल्या. चित्र बघून म्हणाल्या, "थंडीन या अंगाला ऊन येत नाय. म्हणून तं भात झोडायचा आमचा खला पलीकडं होता."

सर हसले. "आजी, ही पोरगी नवीन आहे, चुकली."

मी लॅपटॉपवर ऊन टाकण्याआधीचा माझा रेंडर उघडून आजींसमोर ठेवला. "खरा उजेड हा. ऊन सरांनी टाकायला लावलं."

आजींनी सही न करता पेन खाली ठेवलं. "मंग उन्हाचा घर कोनाला दिलास रं?"

सरांनी नंतर मला सांगितलं, उद्यापासून मीटिंगला येऊ नकोस.

माझ्यासारखं काम करणाऱ्यांनो, तुम्ही आजवर किती खिडक्यांत खोटं ऊन टाकलंय?