करवतीचा डॉक्टर सयामला निघतो

सयामला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात खुर्ची नव्हती, आणि तिची उणीव मला कधी जाणवलीही नव्हती. आलापल्लीच्या आरागिरणीमागे दोन खोल्यांचं क्वार्टर, एक बाज, दोन पाट आणि नवी बायको, एवढा माझा संसार. पण बायकोचे मामा म्हणाले, व्हिसाची मुलाखत खुर्चीवर होते. ज्याला खुर्चीवर नीट बसता येत नाही त्याला कोणताच देश आत घेत नाही.

मामा सिरोंच्याकडचे. तिकडची पुष्कळ तेलुगू माणसं तरण्या वयात रंगूनच्या गोदीत कामाला जात. मामाही गेले होते, आणि लढाई पेटल्यावर अर्धा ब्रह्मदेश पायी तुडवत परत आले होते. परदेश पाहिलेला आमच्या माहितीतला तो एकच माणूस. त्यामुळे माझी तयारी करून घ्यायची जबाबदारी त्यांनी स्वतःच स्वतःवर टाकली आणि आमच्याकडे मुक्काम ठोकला.

हे सगळं सुरू झालं एका परदेशी इंजिनीअरमुळे. आमचं सागवान बघायला तो आलापल्लीला आला होता. मी तेव्हा पट्ट्याच्या करवतीचं पातं उतरवून त्याचे दात घासत होतो. एक दात डावीकडे, एक उजवीकडे असं वाकवत जायचं, मग कानशीने धार काढायची, हे माझं रोजचं काम. तो बराच वेळ शेजारी उभा राहिला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मला वाटलं, काम आवडलेलं दिसत नाही. पुढे पावसाळ्यात रेंजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की सयामच्या उत्तरेला त्याच्या कंपनीची गिरणी आहे आणि तिथे त्यांना सॉ डॉक्टर हवा आहे.

मी म्हटलं, साहेब, मी डॉक्टर नाही. ते हसले. करवतींची निगा राखणाऱ्याला इंग्रजीत तसंच म्हणतात, असं त्यांनी समजावलं. मला ते फार आवडलं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, बायकोने विहिरीवर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली करवत गळून पडली. उरला फक्त डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारा गाल धरून बसलेला. जंगलातल्या कुठल्याशा पाड्यावरून चालत आला होता. मी दात नीट करतो असं त्याने ऐकलं होतं. मी म्हणालो, "बाबा, मी लोखंडाचे दात नीट करतो." त्याने यावर थोडा विचार केला आणि तोंड उघडलं. लोखंड जर माझं ऐकत असेल तर हाडाची काय कथा, असं त्याचं मत पडलं असावं. शेवटी बायकोने लवंग ठेचून त्याच्या दाढेत दाबली. त्याला बरं वाटलं आणि इथेच घोटाळा झाला. एक दिवस सोडून तो कोंबडी घेऊन परत आला, सोबत दाढ दुखणारा चुलतभाऊ.

इकडे नागपूरहून पासपोर्ट आला. आता कलकत्त्याला सयामच्या वकिलातीच्या कचेरीत जाऊन मुलाखत द्यायची आणि व्हिसाचा शिक्का मारून घ्यायचा, एवढं बाकी होतं. मामांनी रेंजरसाहेबांकडून हाताची खुर्ची मागून आणली आणि सरावाला सुरुवात झाली.

पहिलाच वाद, खुर्चीवर बसायचं कोणी? खुर्ची एक आणि माणसं दोन, साहेब आणि मी. साहेबाला जमिनीवर बसवणं बरं दिसेना. म्हणून मी पाटावर बसायचं आणि मनात खुर्ची आहे असं धरायचं, असं ठरलं. साहेब व्हायची मामांची फार इच्छा होती, पण त्यांना इंग्रजीचे चारच शब्द येत आणि चारही ते गोदीतल्यासारखे ओरडून म्हणत. मग बायकोला साहेब केलं. ती खुर्चीवर चढून मांडी घालून बसली, पदर खोचला आणि डोक्यावर माझी जुनी टोपी चढवली. तिचं एक होतं, कितीही गंमत झाली तरी तिचा चेहरा हलत नसे.

तिने नाव विचारलं, गाव विचारलं, काम विचारलं. मी प्रत्येक उत्तरापुढे सर लावत गेलो. मग ती म्हणाली, "घरी कोन आहे?"

"बायको आहे, सर."

"तिले कोनाच्या भरोशावर सोडून चालले?"

मामा मध्येच म्हणाले की असा प्रश्न साहेब विचारणार नाही. ती शांतपणे म्हणाली की साहेब आहे तो, त्याच्या मनाला येईल ते विचारेल. 

मी म्हटलं, ती माहेरी राहील. साहेबाने मान हलवली आणि मुलाखत नापास असं सांगून खुर्चीवरून उतरून चूल पेटवायला गेला. पुढल्या संध्याकाळी मी सांगितलं की दर महिन्याला मनिऑर्डर पाठवीन. पुन्हा नापास. मग म्हटलं, मामा आहेत. तेव्हा तर साहेबाने टोपीच काढून ठेवली. रोज नाव, गाव, काम इथपर्यंत माझं सुरळीत चाले, आणि बायकोपाशी येऊन गाडी रुतून बसे. मामांना काळजी वाटू लागली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की एवढा कडक अंमलदार त्यांनी रंगूनमध्येही पाहिला नव्हता.

शेवटी एकदा मी कंटाळून खरं तेच बोललो, "तिथं बस्तान बसलं का तुले बलावून घेतो." सर म्हणायचंही राहून गेलं.

साहेबाने टोपी सारखी केली. मग म्हणाला, "लिवून घेतलं." तिला लिहिता येत नव्हतं, पण तिने हवेत बोटाने काहीतरी लिहिलंही.

मामांच्या मते आता फक्त भाषा बाकी होती. सयामची भाषा त्यांना येत नव्हती, पण ब्रह्मदेश आणि सयाम शेजारी शेजारी, तेव्हा एवढा काय फरक पडणार, असा त्यांचा हिशोब. इकडे नाही का, सिरोंच्याच्या माणसाचं चांद्यात भागतं! त्यांनी मला एक लांबलचक वाक्य पाठ करून घेतलं. रंगूनला मोठी माणसं दिसली की हेच म्हणत, असं त्यांनी सांगितलं. मी ते करवतीपाशी म्हणे, जेवताना म्हणे. बायकोलाही ते पाठ झालं.

मग बस, बल्लारशाहून गाडी, नागपूरला गाडी बदलून हावडा. वकिलातीच्या कचेरीत बाकावर बसलो तेव्हा माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, ब्रह्मदेशात व्यापार केलेले. वेळ होता म्हणून मी त्यांना माझं वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग रुमालात तोंड खुपसून बराच वेळ हलत राहिले. त्याचा अर्थ त्यांनी हिंदीत सांगितला तो असा: दोरी सोड, बाजूला हो, नाहीतर डोकं फुटेल. मामांच्या गोदीत मोठी माणसं नेमकी हेच म्हणत असणार.

एवढ्यात मला आत बोलावलं. आत खुर्ची नव्हती, कोच होता. मी पाठ ताठ ठेवून बसलो आणि तसाच ताठ आत गेलो. गुडघे छातीला लागले. समोर पांढऱ्या कपड्यातले, बारीक चणीचे, सौम्य साहेब आणि बाजूला हिंदीत सांगणारा बंगाली कारकून. माझा गोंधळ असा झाला की नमस्काराऐवजी ते पाठ केलेलं वाक्यच तोंडून निघून गेलं. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने सांगितलं की ही बहुधा यांची मराठी आहे. साहेबांनी अदबीने मान लववली.

मग त्यांनी अर्ज पाहून विचारलं की तुम्ही कशाचे डॉक्टर. मी घाईघाईत म्हणालो, दातांचा. साहेब गंभीर झाले. दंतवैद्यांना परवानगी थेट राजधानीहून घ्यावी लागते, त्याला बरेच महिने लागतात, असं कारकुनाने सांगितलं. मी म्हटलं, माणसाचे दात नव्हे, करवतीचे. ते त्यांना कळेना. करवतीला हिंदीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. आरी म्हणायचं इतकं सोपं, पण तेव्हा ते कलकत्त्यातून पळून गेलं होतं. शेवटी मी कोचातून कसाबसा वर आलो, दोन्ही हात चाकासारखे फिरवले आणि तोंडाने पट्ट्याची करवत चालवली. आधी धार गेलेली, मग धार लावलेली, मग मध्येच खिळा लागून पातं तुटलेली.

पातं तुटल्याचा आवाज मोठा झाला असावा. शेजारच्या खोलीतली माणसं दारात जमा झाली. साहेब आधी दचकले, मग त्यांनी ओठ दाबून धरले, आणि मग कारकुनामार्फत विनंती केली की जमल्यास खिळ्याचं पुन्हा एकदा. मी केलं. त्यांनी डोळे पुसले आणि शिक्का मारला.

घरी आलो तेव्हा मामांना ते वाक्य साहेबांना फार आवडलं असं सांगितलं. त्यांनी बाकी काही विचारलंच नाही. बायकोने मात्र स्वयंपाक थांबवून विचारलं, "बायकोचं काय इचारलं साहेबानं?"

"नाई इचारलं."

"काऊन?"

 तिचा चेहरा पहिल्यांदा हललेला मी पाहिला. इतक्या संध्याकाळी तिने मला रडवलं आणि त्या माणसाने साधी चौकशीही केली नाही, याचा तिला राग आला होता. ती म्हणाली की मग तिच्यापाशी दिलेला जबाबच खरा धरायचा. मी म्हटलं, धर.

मी एकटाच सयामला गेलो आणि तिथल्या गिरणीत रुळलो. पुढल्या वर्षी रेंजरसाहेबांच्या खटपटीने तिचाही पासपोर्ट झाला आणि मी तिला न्यायला कलकत्त्याला आलो. मामांनी तिचीही तयारी करून घ्यायची म्हटलं होतं, पण तिने नको सांगितलं. आम्ही बोटीत चढलो. समुद्र लागल्यापासून मी बादलीपाशी आडवा होतो. ती मात्र दिवसभर वर कठड्याला टेकून उभी असे, आणि संध्याकाळी खाली येऊन मला सांगे की अजून जमीन काही दिसून नाई राह्यली, पण मासे उडतात.