कमरेवरचा हात

आमच्या गल्लीतले मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. गावाला लागूनच फौजेची छावणी, त्यामुळे त्यांच्या दुकानात वर्दीखेरीज दुसरं काही टांगलेलं मी फारसं पाहिलं नाही. कुणी लग्नाचा सूट शिवायला आलाच, तर मास्तर त्यालाही छाती पुढे काढायला लावत. "ताठ उभे राहा नवरदेव, पुढे वाकायचंच आहे जन्मभर." वर्षानुवर्षं हाच विनोद. गिऱ्हाईक दर वेळी हसायचं, कारण मास्तरांच्या हातात कात्री असायची.

मास्तरांचा पोरगा पकडला गेला आणि त्यांनी हा विनोद सोडला.

पोरगा लढाईवर होता. तिकडे जिंकलेल्या एका खेड्यात त्याच्या तुकडीनं निःशस्त्र माणसं विहिरीपाशी उभी करून मारली. खटला लष्करी न्यायालयात चालला. पोरानं गोळ्या झाडल्याचं कबूल केलं आणि मास्तरांनीही ते कधी नाकारलं नाही. गल्लीतली मंडळी समजूत घालायला यायची, "अहो, वरून हुकूम होता, पोरगा काय करणार?" की मास्तर मशीन सुरू करायचे. त्या खडखडाटात माणूस समजूत तरी किती वेळ घालणार? पोराला शिक्षा झाली आणि ती भोगतानाच तो तुरुंगात न्यूमोनियानं गेला.

बऱ्याच वर्षांनी त्या खटल्यावर सिनेमा काढायला मंडळी नेमकी आमच्या गावात आली. छावणी आयतीच होती, बंद पडलेल्या एका गोदामात न्यायालय उभं राहिलं, आणि गावात जो तो जाता-येता आरशात बघायला लागला. माणसं आणि सामान पुरवायचं काम मला मिळालं. वर्द्या शिवायला मास्तरांशिवाय होतं कोण? मी भीत भीतच विचारायला गेलो. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मला दारातच धरलं. "लाज वाटते का रे थोडी तरी?"

आतून मास्तर म्हणाले, "मापं घ्यायला कधी येऊ, ते विचार त्याला."

काकूंइतकाच मीही चाट पडलो. ते का तयार झाले, हे मास्तरांनी मला दोन दिवसांनी सांगितलं, कापडावर खडूनं रेघा मारता मारता.

खटल्याच्या वेळी पोराची वर्दी पुरावा म्हणून जप्त झाली होती. नवी शिवून आणायची परवानगी मास्तरांना मिळाली, पण माप घ्यायला कुणी आत सोडेना. मग त्यांनी जुन्याच मापावर शिवली, कमरेला सवयीप्रमाणे जरा सैल. पोरगा लहानपणापासून काडीपैलवान. आज ना उद्या अंग धरेल, या आशेवर बापानं त्याचे सगळे कपडे सैलच शिवले होते. शिवाय वरून पट्टा बसतोच की. उभा जन्म वर्द्या शिवण्यात गेला, पण त्या न्यायालयात आरोपीला टोपी आणि पट्टा काढून उभं करतात, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

कोठडीत अर्धा झालेला पोरगा आत आला तो एका हातानं पँट सावरत. विहिरीपाशी जिचा नवरा मारला, ती बाई साक्ष देत होती. बोलता बोलता ती थांबली. म्हणाली, "बघा, कसा उभा आहे." दुसऱ्या दिवशी पेपरांनीही तेच छापलं. पश्चात्ताप दूरच, कमरेवर हात ठेवून माजात उभा.

"शिक्षा झाली ती बरोबरच झाली," मास्तर म्हणाले. "पण त्या बाईला वाटलं असेल, माझा माणूस मारून वर असा उभा राहतो. तेवढं नव्हतं रे. पँट घसरत होती. सिनेमा तीही बघेल कदाचित."

दिग्दर्शक माणूस बरा होता. त्यानं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "करून बघू." पोराचं काम करणारा नट अदबीनं मास्तरांना बाबा म्हणायचा. त्याची पँट सैल केली, पट्टा काढला.

साक्षीचा प्रसंग सुरू झाला. नट आत आला, पँट घसरली, त्यानं ती धरली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाकांवरची माणसं मीच पुरवलेली. दिग्दर्शक ओरडला. पुन्हा केलं. या खेपेला विधवेचं काम करणाऱ्या बाईंनीच तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं नव्हे.

दिग्दर्शक मास्तरांजवळ येऊन बसला. "तुम्ही म्हणता ते खरंच असणार. पण ती बाई नवऱ्याचं मरण सांगतेय आणि थिएटर हसतंय, चालेल तुम्हाला?"

"मी एक वाक्य टाकू का, बाबा?" नट म्हणाला. "पट्टा नाही म्हणून धरलीय, असं?"

"तो काही बोलला नव्हता," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी नटाची सैल कमर चिमटीत धरून पाहिली. शेवटी उठले. "राहू द्या. माजच दिसू द्या. तिच्या तोंडावर कुणी हसायला नको."

त्यांनी तोंडात टाचण्या धरल्या, नटापुढे गुडघ्यांवर बसले आणि कमर आवळायला घेतली.

"बाबा, घट्ट होतेय."

मास्तरांनी टाचण्या हातात घेतल्या. "होऊ दे. सावरायची गरजच पडता कामा नये."

बाजूच्या खोलीत मशीन होतं, तिथे टीप मारून आणली. नट कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पँट जागची हलली नाही. बाई बोलता बोलता थांबल्या, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, कसा उभा आहे," आणि अख्ख्या गोदामात कुणी खोकलंसुद्धा नाही. दिग्दर्शक खूश. मास्तर खाली बघून टेप गुंडाळत होते.

मी त्यांना घरी सोडायला गेलो. काकू वाटच बघत होत्या.

"सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं."

"मग? ऐकलं का मेल्यांनी?"

"ऐकलं. पँट सैल करून दोनदा करूनही बघितलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्यावर टेकल्या. "पाप केलं पोरानं, पण माजोरडा नव्हता तो. कळेल आता त्या माउलीला." मग डोळे पुसून मास्तरांना म्हणाल्या, "अहो, लागला की पहिल्याच दिवशी जाऊ आपण बघायला."

"जाऊ," मास्तर म्हणाले.