हात न लावायच्या बाटल्या

अंबडच्या आमच्या छोट्या कारखान्यात द्राक्षांवर फवारायचं तेल बनतं. ते पाण्यात एकजीव ठेवायची जबाबदारी लॅबच्या साहेबांची. मी स्टोअर सांभाळतो, म्हणजे साहेबांचं ऐकतो. बोलण्याआधी ते चष्मा कपाळावर चढवतात, "हे बघा" म्हणतात आणि थर्मोडायनॅमिक्स सुरू करतात. चहा तोवर गार होतो.

"हे बघा, तेल आणि पाणी आज ना उद्या वेगळं होणारच. निसर्गाचा नियम आहे. दोघांना धरून ठेवणारा इमल्सिफायर फक्त उशीर करतो."

अगदी खरं आहे. साहेबांनी इमल्सिफायर निम्म्यावर आणल्यापासून तर ते फारच लवकर खरं व्हायला लागलंय.

माल किती टिकतो हे कळावं म्हणून कपाटात नमुन्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. त्यांना हात लावायची सक्त मनाई आहे. पण मोठा खरेदीदार येणार असला, की साहेब सगळ्यांच्या आधी येतात आणि एकूण एक बाटली स्वतः खळाखळा हलवून ठेवतात. "बघा, कसं टिकलंय!" असं पाहुण्यांना सांगताना त्यांना अजून धाप लागलेली असते.

परवा सायखेड्याचे एक बागायतदार आमचाच कॅन घेऊन आले. "साहेब, वर तेल अन् खाली पाणी हाय. फवारलं तर पानं करपली."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, कॅन दोन्ही हातांनी जोरजोरात हलवला आणि ग्लासात ओतून दाखवला. दुधासारखा पांढराशुभ्र.

"हे बघा, मालात काही दोष नाही."

बागायतदारांनी ग्लास शांतपणे पाहिला.

"मग आता बागेत चला साहेब. वेल बी असेच हलवा. पानं हिरवी होतात का बघू."