जवारी कुठल्या डब्यात?

माझा थोरला भाऊ सांगलीत दातांचा डॉक्टर. पण आपल्याला दातांपेक्षा गाण्यातलं जास्त कळतं अशी त्याची खात्री, आणि गावाने ती कधी मोडली नाही. मैफलीत तंबोरे लावून झाले की गवई आधी याच्याकडे बघणार, याने मान डोलावली की मग षड्ज. मला या थाटाचा लहानपणापासून राग यायचा.

नव्वदच्या दशकात घरात सीडी आली, कॅसेटी माळ्यावर गेल्या, आणि दादाची कुरकुर सुरू झाली. म्हणे सीडीत तंबोऱ्याची जवारी ऐकू येत नाही. तार छेडली की मूळ सुराच्या वर एक बारीक झणकार तरंगत राहते, ती जवारी. तिच्यावाचून गाणं त्याला अळणी लागे. एकदा मला फोनवर म्हणाला, "ती मिळाली नाही तर मी ऐकणंच सोडून देईन." दिवसभर दवाखान्यात ते दात कोरायचं यंत्र कानाशी किंचाळायचं. त्याचे स्वतःचे म्हणावेत असे संध्याकाळचे दोन तासच. तेही गेले तर त्याचं काय उरणार, या विचाराने मी साताऱ्यात बसून घाबरले.

दोष सीडी प्लेअरच्या पोटातल्या कन्व्हर्टरचा, असा निकाल त्याच्या मित्रमंडळाने दिला. सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणारा हा भाग म्हणे प्लेअरमध्ये हलका असतो. त्याचा वेगळा डबा मिळतो, खास, महागडा, तोच घ्यायला हवा. मंडळ म्हणजे माणसं दोन. एक साखर कारखान्यातला इंजिनिअर, परदेशी मासिकं वाचून बोलणारा. दुसरा हळदीचा व्यापारी, त्याची री ओढणारा. दोघांनाही घरी बायकोची हाक ऐकू येत नसे, पण वायर तांब्याची की चांदीची ते मात्र ऐकू येई.

दसऱ्याला मी सांगलीला गेले, तेव्हा दिवाणखान्यात दोन डबे मांडून ठेवले होते. एक पुण्याच्या दुकानदाराने ऐकून बघायला दिलेला, दुसरा इंजिनिअरच्या मेव्हण्याने परदेशातून आणलेला. त्यातला एक निवडायचा होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वहिनीने दवाखान्यातल्या हत्यारांची आणि स्वतःच्या तंबोऱ्याची पूजा केली, त्यातच या डब्यांनाही हळदकुंकू लावलं आणि तोंडावर झेंडूचे जाडजूड हार घातले. हार सुकल्याशिवाय काढायचा नाही, हा आमच्या घरचा दंडक. मंडळ मोठं विज्ञाननिष्ठ, पण हाराला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

श्रीखंडपुरी हाणून परीक्षा सुरू झाली. इंजिनिअर एका डब्याची वायर काढून दुसऱ्याला लावी आणि तीच सीडी पुन्हा वाजवी.

"पहिल्यात आवाज जरा कोरडा आहे," तो म्हणाला. "दुसऱ्यात कसा ओलावा आला बघा."

"लय फरक हाय, डॉक्टर," व्यापारी म्हणाला. "ह्या दुसऱ्यात जवारी नुसती झरायलीया. आवं, डोळं मिटून ऐका की!"

दादाने डोळे मिटले. बराच वेळ ऐकून म्हणाला, "मला दोन्ही सारखेच वाटतात. जवारी दोन्हींत नाही."

"तुमी दमलाय. च्या घ्या, मग कळंल."

हे दोघे दादाला ऐकायला शिकवणार! माझं डोकंच फिरलं. चहाचा ट्रे ठेवायला जागा करताना मी एका डब्यावरचा हार वर सरकवला. खाली चालू करायचं बटण होतं आणि त्याच्या शेजारचा दिवा विझलेला होता. दुसऱ्याचा हार सरकवला, तिथेही तेच. हाराखाली हात घालायचा नाही म्हणून कोणी बटणच दाबलं नव्हतं. ॲम्प्लिफायरला प्लेअरच्या जुन्या वायरी तशाच होत्या, आवाज कुठून घ्यायचा ते ठरवणारा तिचा खटकाही जुन्याच खुणेवर. इतका वेळ वाजत होता तो जुना सीडी प्लेअर.

"मग आमी ऐकलं ते काय वो?" व्यापाऱ्याने विचारलं.

"श्रीखंड," मी म्हटलं.

दादा मात्र लहान मुलासारखा खूश झाला. "सारखेच आहेत म्हणत नव्हतो मी?" मग रीतसर बटणं दाबली, खटका फिरवला, दोन्ही डबे एकेक करून वाजवले. सगळे दादाकडे बघत होते.

"नाही," तो म्हणाला. "यांतही नाही."

वहिनी दारात उभी राहून सगळं बघत होती. ती आत गेली आणि आपला तंबोरा घेऊन आली. मिरजेच्या कारागिराकडून गेल्याच आठवड्यात जवारी नीट लावून आणलेला, कुंकू अजून भोपळ्यावर होतं. ती सतरंजीवर बसली आणि तिने तारा छेडल्या. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी ती झणकार खोलीभर पसरलेली मला स्वच्छ ऐकू आली.

दादा जवळ सरकला. वाकून त्याने भोपळ्याला कान लावला.

"ह्यातपण नाही गं," तो म्हणाला.

वहिनी तारा छेडतच राहिली.